म्युझियमातली कोपी

डबल ट्रॉलीचा ट्रॅक्टर वळनावर वळला, ट्रॉलीतनं भाईर आलेला ऊस पाटीत अडकला, आन काष्टी रोडवरच्या म्युझियमची पाटी, कालच रंगवलेली, उसाबरूबर कारखान्याला निघाली.

सृष्टी आत कंदिलाची काच पुसत हुती. कडाड् आवाज आला म्हनून भाईर आली, बघती तर पाटी चाललीय. हातात खराटा हुता, तो तसाच घिऊन पळाली. भरल्या ट्रॅक्टरला पळून गाठायचं काय अवघड न्हाई, पर वरच्या गान्याच्या आवाजात हाक कुनाला ऐकू येनार? शेवटी तिनं मडगार्डवर खराट्याचा दांडा हानला.

ट्रॅक्टर थांबला. गानं थांबलं. वरनं एक पोरगा वाकला. डोईला मफलर, कानामागं खोचलेलं उसाचं पान, आन डोळं असं की आत्ता हसतील का मग हसतील.

"आपण सार्वजनिक मालमत्तेचे नुकसान केलेले आहे!" सृष्टी म्हनली.

तिचं असं व्हायचं बघा. घरात ती चारचौघांवानी बोलायची. पर ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसून बसून सवय अशी लागली हुती, की राग आला की तोंडातनं नोटीसच भाईर पडायची.

पोरगा खाली उतरला. उसात अडकलेली पाटी बघितली, मग तिच्याकडं बघितलं.

"म्याडम, ह्येचा जावक क्रमांक काय?"

"काय?"

"न्हाई, नोटीस दिली न्हवं? मग जावक क्रमांक लागतोय. सही कुठं करू?"

सृष्टीला हसू आलं. तिनं ते दातांखाली दाबलं, पर खराटा काय दाबला गेला न्हाई, तो आपसूक खाली गेला.

"सही नगं. पाटी होती तिथं लावून द्या."

"देतो की. पर ट्रॅक्टर हितं उभा ऱ्हायला तर मागं रांग लागंल. कारखान्याच्या काट्यावर ऊस खाली करून येतो. बजरंग म्हनत्यात मला. न्हाई आलो तर ह्या खराट्यानं हाना."

आन आला की. दोन तासांनी पाटी डोक्यावर घिऊन, चालत.

पाटीवर लिवलं हुतं, 'आमचा वारसा, मानिकनगर'. मानिकनगर म्हंजी चाळीसेक घरांची वस्ती. ही समदी मानसं मूळची पाथर्डीच्या पल्याडची, डोंगराच्या कडंची. ऊसतोडीला श्रीगोंद्याच्या रानात आली, धा-बारा हंगाम आली, आन मग हितंच ऱ्हायली. कुनी सालगडी झालं, कुनी कारखान्यात लागलं, कुनी एकर-दीड एकर घेतलं. आता पोरं मोटारसायकलीवर फिरत्यात, आन सोयरीक बघताना 'आमी हितलेच' म्हनत्यात.

सृष्टीचा बाप गहिनीनाथ, तिचा आबा, हा वस्तीचा कारभारी. म्युझियमची कल्पना त्येचीच. सोसायटीचं जुनं खताचं गोदाम त्येनं मागून घेतलं, चुना मारला, आन पोरीला म्हनला, "आमी कुठनं कुठं आलो, ते लोकांनी बघावं. सव्वीस जानेवारीला उघडायचं." सृष्टीनं घरोघर फिरून सामान जमवलं. झिजून वितीएवढा ऱ्हायलेला कोयता, पत्र्याच्या पेट्या, मोळी डोईवर घेताना खाली ठेवायच्या चुंबळी. आन मधोमध तिनं स्वतः बांधलेली कोपी. बांबू, चटया, वर पाचट. तोडकरी जिच्यात ऱ्हात्यात ती झोपडी.

बजरंगनं पाटी ठोकली. मग आत डोकावला. कोपीपाशी जाऊन उकिडवा बसला, आत बघितलं... आन जो हसाय लागला, की त्येला भिताडाला हात टेकावा लागला.

"काय झालं येवढं हसाय?"

"चूल! तुमी चूल कोपीच्या आत मांडलीय!"

"मग? स्वयपाक कुठं करत्यात?"

"आवो, पाचटाची कोपी हाय ही. आत चूल पेटवली तर भाकरी हुयाच्या आधी आख्खा तळ, समद्यांच्या कोप्या, पेटंल. चूल भाईर. कायम भाईर." त्येनं डोळं पुसलं. "कोपीत कवा ऱ्हायला न्हाई वाटतं तुमी?"

"नाही."

"आन तुमच्या घरच्यानी बघितली न्हाई व्हय?"

आबा रोज यायचा. दारात उभा ऱ्हायचा, 'झकास' म्हनायचा आन जायचा. कोपी उभी केल्यापासनं आत पाऊल त्येनं एकदाबी टाकलं न्हवतं... हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

बजरंगची नजर तवर कोपीवरच्या पुठ्ठ्यावर गेली हुती. सृष्टीच्या टपोऱ्या अक्षरात तितं लिवलं हुतं, 'पूर्वी ऊसतोड कामगार अशा कोपीत राहत असत.'

त्येनं ते वाचलं. हसू बंद झालं.

"पूर्वी?" त्यो हळू म्हनला. "म्याडम, माझी आय काल असल्याच कोपीत निजली. हितनं दीड किलोमीटरवर. आज बी निजंल." जरा थांबून म्हनला, "आमी म्युझियममधी ठिवायच्या लायकीचं कवापासनं झालो? सांगायचं तरी."

रागानं न्हाई म्हनला. त्येच तर वाईट.

*

दुसऱ्या दिशी ऑफिस सुटल्यावर ती तळावर गेली. दीड किलोमीटर. ह्या रस्त्यानं ती रोज जायची, कोप्या लांबनं दिसायच्या, पर गाडी कवा वळली न्हवती.

पयल्याच कोपीपुढं एक बाई भाकरी थापत हुती. चूल भाईर, तीन दगडाची, वाऱ्याच्या अंगाला पत्रा उभा केल्याला.

"बजरंगची आई कोन?"

"मीच की, चांगुना." बाईनं वर बघितलं. "तू ती खराटेवाली व्हय?"

सृष्टीचं कान तापलं. मागनं कुनीतरी खोकल्यावानी केलं. बजरंग ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून उभा हुता, तोंड दुसरीकडं करून.

"मावशी, मला कोपी बांधायची शिकवाल?" सृष्टी म्हनली. "माझी चुकलीय."

चांगुनाबाईनं तिला खालनं वर न्याहाळलं. मग दुरडीतली भाकरी तिच्या हातावर ठिवली, वर ठेच्याचा गोळा. "आदी खा. कोपी काय पळून जात न्हाई. आमीच जातो सोडून."

शिकवायला मातूर आली न्हाई ती. तिला उसाच्या फडातनं उसंत कुठनं? त्येच्यापायी बजरंग यायचा. कारखान्यावर ट्रॅक्टरची रांग लागायची, नंबर यायला तीन-तीन, चार-चार तास. बाकीचं ड्रायव्हर पत्ते कुटायचे. ह्यो दुसऱ्याला नंबर सांभाळाय सांगून म्युझियमात.

सृष्टीनं सुट्ट्या टाकल्या. पंचायतीतलं लोक म्हनत, पोरगी लई मन लावून करतीय बरं का काम.

कोपी उसकटली. परत पयल्यापासनं. त्यो बांबू धरायचा, ती सुतळी वढायची.

"घट्ट वढा. त्यो बांबू हाय, पंचायतीचा शिक्का न्हवं हळू मारायला."

"बोट कापतंय."

"दावा बगू." त्येनं हात फुडं केला... आन मग त्येलाच कळंना, आता धरायचा का न्हाई. हात तसाच मधी लोंबला. सृष्टीनं आपलं बोट त्येच्या तळव्यावर ठिवलं. सुतळीचा लाल वळ हुता, बास. त्येचा तळवा मातूर असा खरबरीत, की तिला वाटलं, ह्या हातावर कितीक वर्सं लिवलेली हायत आन आपून पुठ्ठे रंगवत बसलोय.

"काय न्हाई झालं," बजरंग म्हनला.

"मग सोडा की."

"मी कुठं धरलंय? तुमीच ठिवलंय."

खरंच की. तिनंच ठिवलं हुतं. पर उचललं न्हाई लगीच.

असं पंधरा-वीस दिवस चाललं. तेवढ्यात तिला त्येचं समदं कळलं. कोपीत जलमला. शाळा निम्मी गावाकडं, निम्मी फडावर, म्हंजी कुठंच न्हाई. वेल्डिंग शिकला, आयटीआय न करता, एका मिस्त्रीच्या हाताखाली. गावाकडं दोन खोल्या बांधायला काढल्यात, भिंती झाल्यात, पत्रा बाकी. आयला पुढच्या वर्सी तोडीला आनायची न्हाई, हे त्येच्या मनानं धरलेलं.

एका दुपारी कोपी उभी ऱ्हायली. चूल भाईर आली. सृष्टीनं जुना पुठ्ठा काढला, कोरा घेतला, पेन उघडलं.

"काय लिवू? तुमी सांगा."

"माझ्या भाषेत सांगू का तुमच्या?"

"तुमच्या."

बजरंगनं इचार केला. "लिवा... ही कोपी. दिवाळीपासनं शिमग्यापतुर हिच्यात मानसं ऱ्हात्यात. बघायची आसंल तर तळावर या. चहा मिळंल."

सृष्टीनं शब्दाला शब्द तसंच लिवलं. वर बघितलं तर त्यो तिच्याकडंच बघत हुता.

"चहा मिळंल, ते समद्यांस्नी," त्यो म्हनला. "तुमाला... तुमाला इचारायची गरज न्हाई. कवाबी या."

"कवाबी म्हंजी?"

"म्हंजी... कवाबी." आन मफलर सारखं करीत असा भाईर पळाला, की मफलर दारातच पडलं.

*

आबाला कळायला किती येळ लागतोय? काष्टीच्या बाजारात कुनीतरी बोललं, 'कारभारी, जावय ट्रॅक्टरवाला बघितला जनू.' गहिनीनाथ बाजार तसाच टाकून आला. बजरंग नेमका चुलीला पोतारा देत बसला हुता.

"कोन रं तू?" आबा दारातनंच.

"बजरंग, मामा. तळावरचा..."

"मामा म्हनू नगंस. लगीच नातं जोडतोस व्हय?"

"आबा!" सृष्टी मधी पडली. "त्यांनी कोपी नीट करून दिली. माझी चुकली हुती."

"म्हाईत हाय मला चुकली हुती."

"म्हाईत? मग बोलला का न्हाई?"

आबा जे बोलला, ते पोरीकडं न्हाई, कोपीकडं बघून बोलला.

"माझी आय ह्या असल्या कोपीत वाकून-वाकून जगली. सरळ झाली ती तिरडीवर. म्या बारा हंगाम कोयता हानला, ते परत ह्येच्यात वाकाय लागू नये म्हनून. बघायला ठिवली हाय ही कोपी. पोरगी घालायला न्हाई." बजरंगला म्हनला, "पोरा, तुझा राग न्हाई. पर उद्यापासनं हितं येऊ नगंस."

बजरंगनं हात धुतलं. "बराबर हाय तुमचं," त्यो म्हनला. येवढंच. आन गेला.

सृष्टीला वाटलं हुतं त्यो भांडंल. 'बराबर हाय' ऐकून तिला जे रडू आलं, ते भांडनानं आलं नसतं. त्या दिवसापासनं ट्रॅक्टर वळनावरनं जायचा, गानं बंद आसायचं, आन ऊस पाटीला लागू नये म्हनून ट्रॉली असली आवळून बांधलेली, की एक टिपरू भाईर न्हाई. त्येनं तर तिला जास्तीच कासावीस व्हायचं. लागली तरी चालंल की रं पाटीला... एकदा तरी.

*

जानेवारीत आभाळ आलं. कुनाच्या ध्यानीमनी न्हाई, गहू ओंब्यावर आल्याला, आन भर दुपारी धो-धो अवकाळी. पंचायतीच्या पत्र्यावर असा आवाज, की फोनवरचं ऐकू येईना. लोक खिडकीतनं बघत हुते, कुनी गव्हाला रडत हुतं, कुनी कांद्याला.

सृष्टीला एकच दिसत हुतं. पाचट. वरनं वल्लं, खालनं वल्लं, आन भाईर मांडलेली चूल.

तिनं खनातनं म्युझियमची किल्ली घेतली, रेनकोट घेतला न्हाई. तळावर पोचली तवा पाय नडगीपतुर चिखलात. बायका कोप्यांवर मेणकापड धरून उभ्या, लेकरं पेट्यांवर उभी. चांगुनाबाई पिठाचा डबा छातीशी धरून बसलेली. बजरंग एका कोपीला टेकू देत हुता, हिला बघून बांबूच हातातनं निसटला.

"तुमी? आवो भिजताय..."

"ट्रॅक्टर काढा," सृष्टी म्हनली.

"कुठं?"

"सार्वजनिक मालमत्तेचा वापर करायचा आहे!"

अंगावरनं पानी गळतंय, दात वाजत्यात, आन त्या समद्यात बजरंगला हसू आलं. लई दिसांनी.

अकरा घरं दोन खेपात गोदामात आली. चुन्याच्या भिंतींना वल्ली पातळं लटकली. लेकरं पत्र्याच्या पेट्यांवर चढली. एका म्हातारीनं चुंबळ उचलून उलटीपालटी बघितली आन म्हनली, "कुनी बांधलीय गं ही? सैल हाय." एका लेकुरवाळीनं तान्हं पोरगं त्या कोपीत, कोरड्या चटईवर निजवलं. ते निजलं बी.

तवर आबा आला. डोक्यावर पोत्याची खोळ. वस्तीत कुनी सांगितलं हुतं, कारभारी, तुमच्या म्युझियमात तळ उतरलाय.

दारात उभा ऱ्हायला. रोजच्यावानी. आबा जर आत्ता 'भाईर काढा' म्हनला, तर... तर सृष्टीचं काय व्हनार ते तिलाच म्हाईत न्हवतं.

पत्र्याच्या पडवीत चांगुनाबाई चूल पेटवत हुती. लाकडं वल्ली. धूर नुसता. तिनं फुकनी फुकून-फुकून डोळं लाल केलेलं.

आबा बघत ऱ्हायला. एकदा. दोनदा. मग त्येला ऱ्हावलं न्हाई.

"अशी न्हाई पेटायची ती, बाई. टायरचा तुकडा हाय का?"

बजरंग पळत जाऊन ट्रॅक्टरच्या पेटीतनं जुन्या टायरची पट्टी घिऊन आला. गहिनीनाथ चुलीपुढं बसला. लाकडं आडवी-उभी रचली, खाली पट्टी सरकवली, काडी वढली. हात कसं चाललं म्हनता... जनू तीस वर्सं मधी गेलीच न्हाईत. जाळ भपकन वर आला.

"कुनाकडनं शिकला दादा?" चांगुनाबाईनं इचारलं.

"आयकडनं."

"कुठल्या गावचं तुमी?"

आबा कायम 'श्रीगोंद्याचा' म्हनायचा. बँकेत, लग्नात, दवाखान्यात, समदीकडं.

आबानं जाळात एक काडकी सारली. "चिंचदऱ्याचा," त्यो म्हनला. "पाथर्डीच्या पल्याड."

"अगं बया! आमी वरच्या वाडीचं. तुमच्या मारुतीच्या देवळामागनंच वाट हाय आमची. पिंपळ हाय अजून."

"हाय?"

"हाय की."

आबा उठला. खोळ काढली, आत आला. पयल्यांदा. कोपीपाशी गेला, वाकला, आत निजलेलं पोर बघितलं. मग पुठ्ठा वाचला... सावकाश, बोट फिरवून. 'मानसं ऱ्हात्यात.'

"कुनी लिवलं ह्ये?"

"मी," सृष्टी म्हनली. "त्यांनी सांगितलं."

"खरं लिवलंय," आबा म्हनला, आन नाक पुसायला भाईर गेला. मग घरी जाऊन बाजरीचं पोतं आन दुधाची किटली घिऊन आला, ते निराळंच.

*

सव्वीस जानेवारीला म्युझियम उघडलं. फीत चांगुनाबाईनं कापली. कात्री गंजलेली निघाली म्हनून कोयत्यानं कापली, आन लोकांनी अशा टाळ्या वाजवल्या, की पाव्हन्यांचं भाषन कुनी ऐकलंच न्हाई. त्या दिशी वस्तीतल्या सात घरांनी आपापल्या मूळ गावाची नावं सृष्टीला सांगितली, भिताडावर लिवायला. सांगताना आवाज बारीक, पर सांगितली.

बजरंगचं मातूर आबानं अजून काय काढलं न्हवतं. 'येऊ नगंस' म्हनला न्हाई, 'ये'बी म्हनला न्हाई. त्यो यायचा, काम करायचा, चहा प्यायचा, जायचा.

शिमगा झाला आन कारखान्याचा पट्टा पडला. म्हंजी हंगाम संपला. सकाळच्या पारी टोळी गावाकडं निघाली. ट्रॉलीत पेट्या, चटया, शेळ्या, लेकरं. बजरंगनं ट्रॅक्टर म्युझियमपुढं उभा केला. खाली उतरला. मफलर न्हवतं, तरी हात गळ्याशी जात हुता.

"म्याडम..."

"सृष्टी म्हना की आता. निघाला न्हवं?"

"निघालो. म्हंजी... वेल्डिंगचं दुकान हितं, काष्टी रोडलाच टाकायचं बघतोय. आयला आता तोडीला आनत न्हाई. आन..." त्यो थांबला. पायानं खडा सरकवला. "आन तुमाला घालायला माझ्यापाशी कोपी न्हाई. दोन खोल्या हायत, वर पत्रा न्हाई अजून. येवढंच खरं हाय. पुठ्ठ्यावर लिवल्यावानी."

"दुसरं काय सांगायचं न्हाई?"

"हाय की."

"मग?"

"समदा तळ बघतोय."

खरंच बघत हुता. ट्रॉलीतल्या बायकांनी लेकरांची तोंडं बी हिकडं फिरवली हुती.

"बघू द्या," सृष्टी म्हनली. "मग मीच सांगती. पत्रा चढवायला मी धरीन एका बाजूनं. सुतळी वढायला शिकलीया मी."

बजरंगनं वर बघितलं. त्येचं डोळं... ह्या बारीला हसलं न्हाईत. भरलं.

"ए पोरा!"

दोघं दचकली. आबा येत हुता. धुतलेलं धोतर, डोईला टोपी, खांद्याला पिशवी.

"तुझ्या खोल्या कुठल्या अंगाला हायत? वाडीच्या, का वढ्याच्या?"

"वढ्याच्या, माम... दादा."

"मामाच म्हन." आबानं पिशवी ट्रॉलीत टाकली. "पोरगी द्यायची तर घर बघाय नगं? रीत हाय ती. चल, येतो मी."

"ह्या ट्रॉलीतनं? आबा, येष्टीनं जा की," सृष्टी म्हनली. "दीडशे किलोमीटर हाय..."

"आलो हुतो ते बी असाच आलो हुतो, चटईवर बसून," आबा म्हनला. चांगुनाबाईनं पेटी सरकवून जागा केली. "चार-पाच दिवस लागतील. म्हशीला पानी येळंवर दाव."

ट्रॅक्टर हलला. सृष्टी रस्त्याच्या कडंला उभी ऱ्हायली, एक हात वर, दुसरा तोंडावर. बजरंगची मान फुडं ठरंना. एकदा मागं वळला, दोनदा वळला, तिसऱ्यांदा ट्रॅक्टरबी कडंला वळाय लागला, तसा आबानं ट्रॉलीतनं दांडकं आपटलं आन वराडला,

"फुडं बघून चालव की रं! मला माझं गाव जित्या डोळ्यानं बघायचंय!"